वेगासच्या स्टेकहाउसला पहिल्यांदा जाताय?
बेलाजिओ हॉटेलातल्या ‘प्राइम’सारख्या ठिकाणी जायचं तर टेबल आधीच बुक करा, कारंज्यांच्या बाजूचं मागून बघा, मिळालं तर मिळालं. मेन्यूवरची किंमत फक्त मांसाची असते. बटाटा, पालक, मशरूम सगळं वेगळं, पण एकेक डिश दोघांना सहज पुरते.

पहिल्या खेपेला रिबआयच घ्या, म्हणजे बरगडीकडचा तुकडा. मांसात चरबीची जाळी असते, खरी चव तिच्यात. फिले, म्हणजे कमरेकडचा कमी चरबीचा तुकडा, मऊ खरा, पण माझ्या मते मिळमिळीत. आणि ‘वेल डन’, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजवलेलं, सांगू नका हो, एवढे पैसे मोजून चामडं कशाला चावायचं? मीडियम रेअर म्हणजे आत साधारण ५५ अंश सेल्सिअस, मधोमध लालसर-गुलाबी. ताटात लाल पाणी उतरलं तर दचकू नका, ते रक्त नसतं.

टिप १८-२० टक्के धरूनच हिशेब करा.