द्राक्षबागेतल्या डेटिंग रिॲलिटी शोवर प्रेमकादंबरी लिहितेय, कथा नाशिकची. शूटिंग खरं वाटायला काय सांभाळू?

आधी महिना ठरवा. गंगापूर धरणाजवळची बाग घडांनी लगडलेली हवी असेल तर जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर वेली खोलवर छाटल्या की, त्यांवर घड नसतात, नाशिककर वाचक तिथेच पुस्तक मिटून ठेवेल.

मग माइक. कॉलरला लेपल म्हणजे चिमट्याचा छोटा माइक, कमरेला आवाज पाठवणारा ट्रान्समीटर, दिवसभर, फोन जमा. म्हणजे कुजबुजही कंट्रोल रूममध्ये पोचते. खरी जवळीक बॅटरी बदलताना माइक बंद असतो त्या मिनिटभरात घडवा, तो क्षण सोन्यासारखा आहे.

कॅमेऱ्यासमोरची एकट्याची मुलाखत बहुतेकदा प्रसंगानंतर होते. विचारणाऱ्याचा प्रश्न कापतात, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात मागतात. अशा दोन उत्तरांचे तुकडे जोडून एडिटर तिसराच अर्थ काढू शकतो. नायक-नायिकेतला गैरसमज इथूनच आणा, चोरून ऐकलेल्या संवादातून नको.