लेस्टरच्या दुकानात काय बोलायचं

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीसाठी इंग्लंडमधल्या लेस्टरला येताय, इंग्रजी वाचता येतं पण बोलायची धास्ती आहे, तर दुकानात नेमकं काय म्हणायचं. व्हिसा, घरभाडं वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडते. तुमच्या प्रश्नावर मात्र मी दोनदा उत्तर लिहून खोडलं.

काउंटरवरची मुलगी 'यू ऑलराइट देअर?' म्हणेल. ती तब्येत विचारत नाहीये, 'काय देऊ?' म्हणतेय. 'कॅन आय हॅव टू ऑफ दोज, प्लीज?' म्हणा. नुसतंच बघत असाल तर 'जस्ट लुकिंग, थँक्स'. पिशवी हवी का विचारतात, तिचे निदान १० पेन्स पडतात. नको असेल तर नुसतं 'नो' तुटक वाटतं; 'नो, आय एम फाइन, थँक्स'. धक्का समोरच्याचा लागला तरी 'सॉरी' आपणही म्हणायचं. कुणी 'मी डक' (म्हणजे 'माय डक') म्हणालं तर दचकू नका, इथला तो मायेचा शब्द आहे.

आपली अदब क्रियापदातच असते हो. 'अर्धा किलो भेंडी द्या हो' म्हटलं की त्या 'द्या'त सगळं आलं. मी तेच मनात इंग्रजीत फिरवून 'गिव्ह मी टू ब्रेड' म्हणायचे. आवाज मऊ, चेहरा हसरा, तरी समोरच्या बाईचा चेहरा आक्रसायचा. का, ते कळायचं नाही. मग मी बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानांतच जायला लागले, तिथे हिंदीवर भागतं. वर्षभर तेच केलं. तुम्ही तसं करू नका. दर दोन दिवसांनी घराजवळच्या बेकरीत जा, एकच वाक्य बोला आणि परत या.

त्या वर्षात माझी सात वर्षांची मुलगी माझ्या वतीने बोलायला लागली. माझ्या पुढे उभी राहून म्हणायची, 'शी मीन्स, कुड शी हॅव...' शाळेत पालकसभेला बाईंनी माझ्याकडे न बघता तिला सांगितलं, 'टेल मम्मी यू आर डूइंग वेल.' सांगलीत मी सहा वर्षं फिजिक्स शिकवलंय, इंग्रजी पुस्तकांतून. कळत होतं सगळं. तरी गप्प बसले, आणि ते अजून सलतं.

एकटेपणाचं विचारलंत, पहिला हिवाळा जड जातो, नंतर सवय होते.

आता दुकानात मला काही अडत नाही. पण लेक घरी पोळी वाढली तरी 'थँक्यू' म्हणते. आधी मी रागावायचे, आईला कसलं थँक्यू? परवा ती जेवून काही न बोलता उठली, आणि मी ताट हातात घेऊन वाट बघत राहिले.