तलाठ्यासाठी दिल्ली कशाला?

प्रश्न : आप्पा, वडील जाऊन चार महिने झाले. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठी भाऊसाहेब पाच हजार मागतात. दिले नाहीत म्हणून कधी ‘सर्व्हर बंद’, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’. 2011 च्या ऑगस्टात ‘मी अण्णा’ची टोपी घालून मीही तहसीलसमोर बसलो होतो. आता लोकपाल झालाय ना? त्यांच्याकडे तक्रार कशी करायची?
– एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : भाऊ, टोपी असू द्या, पण अर्ज दिल्लीला धाडू नका. लोकपालाच्या कक्षेत पंतप्रधान, केंद्रीय मंत्री, खासदार आणि केंद्राचे कर्मचारी येतात. रेल्वेतला कारकून त्या कक्षेत बसतो. तुमचा तलाठी राज्याचा, तो बसत नाही. (हल्ली त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली.)

तुमच्या रागात मीही आहे. लोकपालाचं पहिलं विधेयक 1968 चं. कायदा अंमलात आला 16 जानेवारी 2014 ला, आणि पहिले लोकपाल नेमले गेले मार्च 2019 मध्ये. पाच वर्षं खुर्ची रिकामी! निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा, आणि लोकसभेत तसा मान्यताप्राप्त नेताच नाही, हे कारण पुढे केलं गेलं. त्यावाचून नेमणूक अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितल्यावरही दोन वर्षं गेली. स्वतंत्र संस्था म्हणायची, पण ती सुरू कधी करायची हे ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्याच हातात. माझा आक्षेप तिथे आहे.

आपल्या राज्यात अशा तक्रारींसाठी लोकायुक्त 1971 च्या कायद्यापासून आहेत, पण ते शिफारस करतात. मानायची की नाही ते सरकार ठरवतं. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर 2022 मध्ये आणि परिषदेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर झालं. त्यातही मुख्यमंत्र्यांच्या चौकशीआधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी हवी. म्हणजे झालंच!

तुमचं काम 1064 वर होईल. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. तो गृहखात्याखाली येतो, स्वतंत्र वगैरे नाही, पण सापळा तोच लावतो.

पाटबंधाऱ्यात कारकून असताना मला एकदा सापळ्यात पंच, म्हणजे साक्षीदार, म्हणून नेलं होतं. दुसऱ्याच खात्याची कचेरी. आधी पडताळणी झाली : तक्रारदाराच्या खिशात रेकॉर्डर, आणि साहेब खरंच पैसे मागतात का हे आम्ही ऐकायचं. मग नोटांचे नंबर लिहून घेतले, त्यांना अँथ्रासीन पावडर लावली. तक्रारदाराला बजावलं, ‘मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत.’ साहेबांनी मागितले, मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले. अतिनील दिव्याखाली त्यांची बोटं निळसर चमकली तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मी पाणी मागितलं, ते मात्र आठवतं. पुढे कोर्टात साक्षीला चार खेटे घातले.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पैसे देऊन मोकळे होऊ नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच तो सुटतो. आधी कळवून सापळ्यासाठी दिली तर प्रश्नच नाही.

जाताना अर्जाची पोच, फेरफाराच्या नोटिशीची प्रत आणि ‘या, बघू’ म्हणाल्याच्या तारखा लिहून न्या. भाऊसाहेबांशी भांडू नका, फोनवर धमकावू तर अजिबात नका. सावध झालेला माणूस पैसे मागत नाही, मग सापळा फसतो. सापळ्याचे पाच हजार तुम्हालाच न्यावे लागतील. ते सरकारकडून परत मिळतात, पण बियाण्याच्या दिवसांत त्यांच्या भरवशावर राहू नका.