चौकटी राहू दे, बाण दाखव

प्रिय,

तुझं लॉजिक मॉडेल, म्हणजे कामापासून परिणामापर्यंतची वाट डावीकडून उजवीकडे चौकटी आणि बाणांनी दाखवणारा तक्ता, पाहिलं. इनपुट, ॲक्टिव्हिटी, आउटपुट, आउटकम, सगळ्या चौकटी भरल्यास. आणि विचारतेस, लोहाच्या गोळ्या शंभर टक्के वाटल्या तरी गरोदर बायांचं हिमोग्लोबिन का वाढेना? अगं, चौकटींच्या मधल्या बाणांवर तू एक शब्द लिहिलेला नाहीस.

'लोहाच्या गोळ्यांचं वाटप' इथून 'रक्तक्षय कमी' इथवर एकच बाण ओढलास. त्यात काय काय दडलंय बघ. गोळ्या उपकेंद्रात वेळेवर यायला हव्यात, आशाताईने घरी पोचवायला हव्यात, आणि बाईने रोज एक अशा 180 दिवस गिळायला हव्यात. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शी सुरू झाली की पाकीट फडताळात जातं. मूल फार वाढेल, बाळंतपण अडेल, असं सासू सांगते ते वेगळंच. घेतलीच तर चहाबरोबर घेते, मग लोह अंगी लागत नाही. नंदुरबार-गडचिरोलीकडे तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. तिथे नुसत्या लोहाने काय होणार? प्रत्येक बाणाला विचार: हे कशावरून होईल?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमधला रक्तक्षय 2015-16 ला 48 टक्के होता, 2019-21 ला 54 झाला. वाटपाच्या रजिस्टरात हे कुणाला दिसलं असतं?

'प्रस्ताव शुक्रवारी द्यायचाय' हे मला सांगू नकोस. आढावा बैठकीत मी बाणांचं काढलं की साहेब घड्याळ बघायचे. 'मॅडम, टार्गेट झालंय ना?' आडमुठी म्हणायचे मला. म्हणोत. मी हटले नाही आणि बरोबरच केलं. बाण तपासले नाहीत की खापर शेवटी आशाताईच्या माथ्यावर फुटतं, आणि तिने तर गोळ्या वाटलेल्या असतात. तिच्या बाजूने बोलायला त्या खोलीत दुसरं कुणी नसायचं, याची खंत अजून जात नाही.

आता उजवीकडून सुरू कर. 'बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन किमान 11' हे आधी लिही आणि एकेक पायरी मागे ये. प्रत्येक बाणावर दोन गोष्टी हव्यात: आपण काय गृहीत धरलंय, आणि ते खरं आहे का हे कसं कळणार. मग चार घरी जाऊन ये. 'गोळ्या घेता ना?' असं विचारू नकोस, उत्तर 'हो'च येतं. पाकीट बघायला माग, उरलेल्या गोळ्या मोज, कशाबरोबर घेतली ते विचार. त्यानंतर फाइल पाठव. रात्री कितीही वाजता आली तरी मी वाचीन.

तुझी,
ताई