सोनारवाल्याला नेमकं काय ऐकू येतं?

प्रश्न : काका, मी १९ वर्षांची आहे, गिरगावात राहते. ‘सायलेंट हंटर ३’ हा जुना गेम मी लॅपटॉपवर खेळते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी चालवायची असते. हायड्रोफोनची, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राची, तबकडी फिरवली की जहाजाला ढकलणारा पंखा स्वच्छ ऐकू येतो आणि सोनारवाला, म्हणजे ते आवाज ऐकणारा खलाशी, लगेच सांगतो, ‘मालवाहू जहाज, लांब आहे, सावकाश चाललंय.’ युद्धात खरंच असं होतं का? दादा म्हणतो, सगळं हुबेहूब आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नौदलात माझी उमेदीची वर्षं सोनारवर, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून जहाजं-पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रावर, कानाला हेडफोन लावून गेली, आणि त्या कामाबद्दल आजवर कुणी मला इतकं नेमकं विचारलं नव्हतं.

तबकडीचं दादा बरोबर सांगतो. जर्मन पाणबुड्यांच्या नाकाजवळ दोन्ही बाजूंना मिळून नंतरच्या काळात ४८ हायड्रोफोन असत. ते जागचे हलत नसत. आत बसलेला माणूस चाक फिरवून कुठल्या दिशेचं ऐकायचं ते ठरवायचा. पाण्यावर असताना स्वतःच्याच डिझेल इंजिनांपुढे काही ऐकू येत नसे, म्हणून धुक्यात किंवा रात्री मुद्दाम बुडी मारून ऐकायचे. बरं, हा ऐकणारा बहुधा बिनतारी संदेशवालाच असायचा. त्याच माणसाने संदेशही घ्यायचे आणि समुद्रही ऐकायचा.

पण ‘लांब आहे’ हे तुझ्या सोनारवाल्याला कळलं कसं? नुसत्या ऐकण्यातून अंतर मिळत नाही, मिळते फक्त दिशा. आम्ही तिला बेअरिंग म्हणायचो. आवाज बारीक आहे म्हणजे जहाज लांब आहे असंही नाही. जवळचं जहाज हळू चालत असेल, किंवा मधलं पाणी आवाज गिळत असेल. म्हणून दर काही मिनिटांनी बेअरिंग लिहून काढायचं आणि ते किती सरकतंय ते बघायचं. भराभर सरकलं तर जहाज बहुधा जवळून आडवं जातंय. अजिबात सरकत नसेल आणि आवाज वाढत असेल, तर ते तुझ्याच अंगावर येतंय.

वेग काढायला पंख्याचे फेरे मोजतात. पंख्याच्या पात्यांपैकी एखादं किंचित वेगळं वाजतं, ठेक्यात सम यावी तसं. धप-धप-धप-ढप. तो ‘ढप’ पकडायचा, हातात स्टॉपवॉच धरून मिनिटभर मोजायचा. फेरे मिळाले तरी त्या जहाजाचा पंखा किती फेऱ्यांना किती वेग देतो हे माहीत हवं, नाहीतर तो आकडा निरुपयोगी. माझ्या पहिल्या वर्षी मी सलग वीस मिनिटं एक ठेका मोजत बसलो होतो. चीफने दुसरा हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि काही न बोलता इंजिनरूमला फोन केला. आमच्याच जहाजावरचा एक पंप सैल झाला होता. त्यानंतर कुठलाही आवाज ‘बाहेरचा’ म्हणायच्या आधी मी स्वतःच्या जहाजाचे आवाज मनात वजा करायला शिकलो.

गेममध्ये हे जवळजवळ नसतंच. पाणी मुकं असतं. आपल्याकडच्या उथळ, उबदार पाण्यात हेडफोन लावलास तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, न थांबता. नांगी आपटून टिचकी वाजवणाऱ्या कोळंबीचा तो आवाज. महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, कारण त्या तडतडीत पाणबुडीचा पंखा बुडून जातो.

आणि दुपार! १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या लक्षात आलं की सकाळी चांगलं चालणारं सोनार दुपारी ढेपाळतं. आधी संशय माणसांवर गेला, जेवून पेंगत असतील म्हणून. खरं कारण ऊन होतं. वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो आणि त्या तापलेल्या थराखालची पाणबुडी सापडत नाही. मग पाण्याचं तापमान खोलीप्रमाणे टिपणारं यंत्र जहाजांवर आलं. बिचाऱ्या त्या सोनारवाल्यांनी तोवर किती बोलणी खाल्ली असतील, हे आजही माझ्या मनात येतं.

ऐकण्याचा पल्ला म्हटलं की मला ९ डिसेंबर १९७१ची रात्र आठवते. दीवजवळ आपल्या ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीला शोधत होत्या. ‘हँगोर’ने त्यांना आधी हेरलं. तिच्या सोनारचा पल्ला ‘खुकरी’च्या सोनारपेक्षा मोठा होता. बुडालेल्या ‘खुकरी’बरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही. कोण कुणाला आधी ऐकतं यावर किती जीव टांगलेले असतात, हे सोनारवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. गेममध्ये तू मेलीस की पुन्हा सुरू करतेस. त्यात वाईट काही नाही, पण हा फरक दादालाही सांग.

गेम सोडू नकोस. सेटिंगमध्ये नकाशावर जहाजं आपोआप दिसण्याची सोय बंद कर, सोनारवाल्याचं ऐकू नकोस. इंजिन अगदी मंद ठेव. वही घे, दर तीन मिनिटांनी बेअरिंग लिही आणि कागदावर रेघा मार. पहिल्या दोन-तीन वेळा जहाज हातचं जाईल. चौथ्या वेळी काय झालं ते मला कळव.