मानसिक रुग्णासाठी एकच चांगला सायकियाट्रिस्ट पुरेसा नाही का? बाकीच्यांची लुडबूड कशाला?

प्रश्नातला 'लुडबूड' हा शब्द वाचला आणि दुकानाचं शटर ओढायचं सोडून लिहायला बसले. हाच शब्द मला एका डॉक्टरांनी फोनवर ऐकवला होता.

मी फार्मासिस्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. माझे मोठे दीर बायपोलरसाठी, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जातं त्या आजारासाठी, अकरा वर्षं लिथियम हे मन स्थिर ठेवणारं औषध घेतात. मिरजेचे सायकियाट्रिस्ट अतिशय चांगले आहेत. म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे आमचं सगळं आलबेल असायला हवं होतं.

त्या उन्हाळ्यात भाऊजींचं बीपी वाढलं. गावातल्या फिजिशियननी टेलमिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी सुरू केली. गुडघे दुखायचे म्हणून जोडीला डायक्लोफेनॅक. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि या तिन्ही औषधांनी ते रक्तात साठत जातं. हे डी.फार्मच्या, म्हणजे फार्मसी डिप्लोमाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण भाऊजी लिथियम घेतात हे डॉक्टरांना माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि जाऊबाईंनी सांगितलं नाही. मिरजेची फाइल कपाटात शालूच्या खाली. 'डोक्याच्या गोळ्या' गावात कळल्या तर पोरीचं लग्न कसं जमायचं, ही त्यांची काळजी.

तीन आठवड्यांनी रविवारी मी गेले तेव्हा भाऊजी चहा पीत होते. लिथियमने बोटं बारीक थरथरतात, ते आम्ही रोजच बघत होतो. हे वेगळं होतं. कप बशीवर खडखडत होता, निम्मा चहा लेंग्यावर. जीभ जड, चाल झोकांड्या खाणारी. शेजारी कुजबुजायला लागले होते की यांनी दारू धरली. उलट्या होत होत्या म्हणून दवाखान्यातून ॲसिडिटीची गोळी आणलेली. मी शर्टाच्या खिशात हात घातला तर डायक्लोफेनॅकची स्ट्रिप.

डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गोळ्या विका, ट्रीटमेंटमध्ये लुडबूड नको." रात्रीच भाऊजींना मिरजेला हलवलं. लिथियमची रक्तातली पातळी 0.6 ते 1.0 च्या आसपास हवी, त्यांची निघाली 2.1. पाच दिवस सलाइनवर होते. आणखी आठवडा गेला असता तर मूत्रपिंड गेलं असतं, नाहीतर माणूसच.

आता सांगा, त्या चांगल्या सायकियाट्रिस्टनी मिरजेत बसून यात काय करायचं होतं?

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर गोव्यात 'मानस' नावाचा मोठा प्रयोग झाला, 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दवाखान्यातलाच डॉक्टर, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक आणि मदतीला सायकियाट्रिस्ट, अशी रचना. डिप्रेशन आणि चिंतेचे रुग्ण सरकारी आरोग्य केंद्रांत स्पष्टपणे जास्त बरे झाले. खासगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही. हे वाचून मला आधी आसुरी आनंद झाला होता, पण तिथले रुग्ण एरवीही बऱ्यापैकी सुधारतच होते, हेही खरं. फार्मासिस्टला मात्र कोणी धरतच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या 'व्यावसायिकां'च्या व्याख्येत नर्स आहे, समाजसेवक आहे, आयुर्वेदातला मानसरोगाचा एमडीसुद्धा आहे. आम्ही नाही. आणि दर महिन्याला रुग्णाच्या हातात गोळी ठेवतो ते आम्हीच.

घरात कोणी लिथियमवर असेल तर सगळ्या औषधांची एकच वही करा आणि दाताच्या डॉक्टरकडेही न्या. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. पातळी तपासायला रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी सायकियाट्रिस्टला फोन. हे वाचून घाबरून लिथियम बंद करू नका, ते आणखी वाईट. बीपीची ती गोळीही काही विष नाही. पातळी तपासत, डोस बदलत दोन्ही देणारे डॉक्टर आहेत.

आणि एक कबुली द्यायची राहिली. खिशातली ती स्ट्रिप माझ्याच दुकानातली होती. चिठ्ठीवरच्या दहा गोळ्या संपल्यावर भाऊजींनी काउंटरवरच्या मुलाकडून आणखी दोन स्ट्रिपा नेल्या होत्या. घरचेच म्हणून त्याने चिठ्ठीही मागितली नाही. जाऊबाई हे अजून प्रत्येक सणाला ऐकवतात.

ते डॉक्टर त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. पण भाऊजींच्या प्रत्येक चिठ्ठीवर आता वरच्या कोपऱ्यात 'लिथियम चालू' असं लाल पेनाने लिहिलेलं असतं.