आजीच्या डब्यातला हाली रुपया

सोलापूर, गड्ड्याची यात्रा उलगल्यानंतरचा रविवार

बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा तू आजीचा पितळी डबा घेऊन आलीस आणि बसायच्या आधीच विचारलंस, "काका, याचे किती येतील?" मी तेव्हा चहा पुढे केला आणि विषय टाळला. रागावू नकोस. सतरा नाण्यांच्या त्या ढिगात मला एकच नाणं दिसत होतं आणि त्याच्याबद्दल चहा पिता पिता बोलता आलं नसतं. म्हणून हे पत्र.

ते चारमिनारचं चित्र असलेलं चांदीचं नाणं. हैदराबाद संस्थानचा तो रुपया, म्हणजे हाली सिक्का. तुझी आजी तुळजापूरकडची. आज आपण एसटीने तासाभरात तिकडे जातो, पण तिच्या लहानपणी तुळजापूर निजामाच्या मुलखात होतं आणि सोलापूर इंग्रजांच्या. तिकडून माल घेऊन बाजाराला आलेल्या माणसाच्या कनवटीला हाली रुपये, आणि इथे चालणार कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे. (निजामाचा चारमिनारवाला रुपयाही यंत्रावरच पाडलेला, पण एकदा पडलेलं नाव कोण बदलतो!) सरकारी हिशेब असा होता, की सात हाली म्हणजे सहा कलदार.

हा सात-सहाचा भाव मी कितीतरी वर्षं नुसता पाठ करून बसलो होतो. मग एका संध्याकाळी काटा काढला. हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम. जुना कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९. आता नऊ पूर्णांक चौदाला सातने गुण आणि दहा पूर्णांक एकोणसत्तरला सहाने. दोन्हीकडे चौसष्ट ग्रॅमच येतात. भाव नाण्याच्या पोटातच होता. त्या दिवशी मी त्या काळच्या दुकानदाराच्या लाकडी पेटीपुढे उभा राहून आलो असं मला वाटलं. 'किती येतील' याआधी 'काय लिहिलंय, किती भरतंय' हे विचार, असं मी म्हणतो ते यासाठी.

तुझं नाणं वाचायचं कसं ते सांगतो. त्यावरचं साल हिजरी आहे आणि आकडे उर्दू. त्यांना घाबरू नकोस, अर्ध्या तासात येतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्या पूज्यासारखा गोल दिसतो तो पाच. सात आणि आठ ही जोडी फसवते : टोक खाली तो सात, टोक वर तो आठ. समजा १३२५ वाचलंस, तर त्याला ०.९७ ने गुण आणि ६२२ मिळव. १९०७ च्या आसपासचं साल येईल. आता भिंग घेऊन चारमिनारच्या मधल्या कमानीत बघ. तिथे निजामाच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर कोरलंय. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर त्यांचा मुलगा उस्मान अली खान, म्हणजे शेवटचा निजाम. १९११ मध्ये बाप गेला, मुलगा गादीवर आला आणि कमानीतलं अक्षर बदललं. मी परवा चष्म्याशिवाय पाहिलं, त्यामुळे तुझ्या नाण्यावर काय आहे ते तूच सांगायचंस.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. नाणी घासू नकोस. आईने पितांबरी पुढे केली तरी नाही. मला पहिली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मिळाली तेव्हा मी तुझ्याहून लहान होतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', वर काळपट तपकिरी रंग. मी ती चिंच आणि राखेने तांब्यासारखी लख्ख घासली आणि मोठ्या अभिमानाने एका जुन्या संग्राहकाकडे नेली. त्यांनी ती कडेने धरली, उलटी केली, सुलटी केली आणि एक शब्द न बोलता माझ्या तळहातावर परत ठेवली. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो रंग नाण्याची कातडी असते. ती सोलली, की अक्षरांची कडही बोथट होते आणि काहीही केलं तरी परत येत नाही. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. आता पुन्हा काळवंडली आहे, पण ठिगळासारखी.

शिवराईपासून सुरुवात करायची असेल तर जरूर कर. छत्रपतींच्या काळानंतरही ती पाडली जात राहिली, इंग्रजी अमलातही बाजारात फिरत होती, त्यामुळे आजही साधी शिवराई परवडते. पण मिळेल ती प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली, असं सांगणाऱ्यापासून दोन पावलं लांब उभी राहा. मागच्या बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, पेशवाईच्या काळातली. अक्षरांचं वळण तर नाण्यागणिक वेगळं. हाताने ठोकलेलं नाणं, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून एकावर 'श्री' अर्धा, दुसऱ्यावर 'शिव' गायब. पाच-सहा शेजारी ठेवल्या, की सगळं लेखन जुळतं. मला तरी एका महागड्या नाण्यापेक्षा अशा सहा फाटक्या शिवराया जास्त आवडतात.

आपल्या गावाचं नाव असलेलं नाणंही आहे. औरंगजेबाच्या काही चांदीच्या रुपयांवर टांकसाळ म्हणून सोलापूर आहे. ते तुला हवंसं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण फारसी वाचता येत नसताना घेतलंस तर दुकानदार म्हणेल ते गाव खरं मानावं लागेल. थांब थोडं.

खरेदी कुठे करायची? आधी एखाद्या सराफाशी ओळख कर. मोडीला आलेल्या चांदीत इंग्रजी अमलातले राणी छापाचे, राजा छापाचे रुपये असतात आणि ते भट्टीत जातात. नेहमीच्या सालांचे असतील तर चांदीच्या भावावर थोडं चढवून मिळतात. जाताना खिशात छोटा काटा आणि लोहचुंबक ठेव. चांदी चुंबकाला चिकटत नाही. कडेचे दाते बघ. मधून जोडाची रेघ गेली असेल तर ते साच्यात ओतलेलं. मी एका जत्रेत व्हिक्टोरिया राणीचा रुपया घेतला, घरी येऊन वजन केलं तर पुरता दीड ग्रॅम कमी. विकणारा तोवर पुढच्या गावाला. माळेत ओवलेल्या नाण्यांवर कडीचा टाका काढल्याची खूण राहते, तीही तपास.

मोबाइलवर वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणून कुणी आधी 'नोंदणी फी' मागितली, तर फोन ठेव. रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने चाललेल्या या फसवणुकीबद्दल २०२१ मध्येच सावध केलं होतं. आणि कुणी शेतात सापडलेला हंडा गुपचूप दाखवला तर हात लावू नकोस. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ठेवायला मऊ प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यांनी तांबं हिरवं पडतं. कागदी पाकिटं पुरेत. प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी हवी : कुठून आलं, कधी, कितीला, वजन किती. सुट्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन ये. तिथल्या संग्रहालयात सातवाहनांच्या काळातल्या वस्तू आहेत. पुढे कधी नाशिकजवळच्या अंजनेरीला जाऊ, तिथे नाण्यांच्या अभ्यासाचीच संस्था आहे.

सध्या मात्र एवढंच कर. हाली रुपया बाजूला काढ, आजीच्या शेजारी बस आणि विचार, हा तिच्याकडे कुणाकडून आला. लग्नात, की माहेरून, की आजोबांच्या कनवटीतून. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत, चिठ्ठीवर लिही आणि पुढच्या रविवारी नाणं आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन ये. काटा मी काढून ठेवतो.

तुझा,
काका